‘शिराझ’ : एका उपेक्षित मूकपटाचें परीक्षण

त्रैमासिकाच्या या पानांवर आजवर सनदा, महजर, ताम्रपट, नाणीं, बखरी व पोथ्या यांचीं परीक्षणें येत आलीं आहेत. तेथें एका चित्रपटाचें नांव पाहून, साठी उलटल्यावर आम्हांस भलताच नाद लागला असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांच्या समाधानार्थ आरंभीं इतकेंच सांगतों कीं, ज्या वस्तूविषयीं येथें लिहावयाचें आहे ती नव्वद वर्षांहून अधिक जुनी आहे. तिची मूळ प्रत परदेशांत एका संग्रहांत पडून होती. काळानें तिचा कांहीं भाग खाल्ला होता व तो दुसऱ्या एका प्रतीवरून भरून काढावा लागला. आणि तिचें नांव याद्यांतून वाचणारे पुष्कळ, पण ती प्रत्यक्ष पाहिलेले थोडे, अशी तिची दीर्घकाल स्थिति होती. या लक्षणांवरून तिला पोथी म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. पोथीचें नांव ‘शिराझ’, काल इसवी सन १९२८.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें या चित्रपटाची तबकडी आणून दिली आणि “सर, यांत ताजमहाल आहे, तुम्हांला आवडेल,” एवढेंच बोलून तो निघून गेला. आम्ही ती पाहावयास बसलों ते ऐतिहासिक चुका टिपण्याच्या हेतूनें, कागद व पेन्सिल हातीं घेऊनच. पहिल्या अर्ध्या तासांत कागद भरला. दुसऱ्या वेळीं पाहतांना कागद घेतला नाहीं. त्या टिपणांतला थोडा भाग पुढें येईलच. परंतु ज्या कारणानें दुसऱ्या वेळीं कागद बाजूस राहिला, तें सांगणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे.

प्रथम कुळकथा. हिमांशु राय या बंगाली गृहस्थानें ब्रिटिश व जर्मन कंपन्यांच्या साह्यानें आणि फ्रान्झ ऑस्टेन या म्यूनिकच्या दिग्दर्शकास घेऊन हिंदुस्थानच्या भूमीवर तीन मूकपट केले. ‘प्रेम संन्यास’ (१९२५) हा बुद्धचरित्रावर, ‘प्रपंच पाश’ (१९२९) हा महाभारतांतील द्यूताच्या धाग्यावर, आणि मधला ‘शिराझ’ हा ताजमहालाच्या दंतकथेवर. ‘शिराझ’ची कथा निरंजन पाल यांच्या नाटकावरून घेतली आहे, हे निरंजन पाल म्हणजे सुप्रसिद्ध पुढारी बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव. कुंभाराच्या मुलाची, म्हणजे शिराझची, भूमिका खुद्द राय यांनीं केली आहे. चारु रॉय हे शहाजादा खुर्रम झाले आहेत. एनाक्षी रामा राव या सलीमा आणि सीता देवी या दालिया. या तिन्ही कृतींत पहिलीची कीर्ति त्या काळीं झाली, तिसरीचा जीर्णोद्धार नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत होऊन तिला पुन्हां प्रेक्षक मिळाले. मधलीच्या वांट्यास तें भाग्य २०१७ सालीं आलें. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें आपल्या संग्रहांतील सामग्रीवरून ती सिद्ध केली, आणि त्याच वर्षीं ती मुंबईसह हिंदुस्थानांतील कांहीं शहरांतून दाखविण्यांत आली.

हें काम कसें झालें हें आमच्या वाचकांस ओळखीचें वाटेल. मूळ निगेटिव्ह ही लेखकाच्या हातची प्रत समजावी. तीवरून पुढें उतरविलेली पॉझिटिव्ह ही नक्कल. मूळ जेथें शाबूत तेथें मूळ घ्यावयाचें. जेथें तें कुजलें किंवा तुटलें तेथें नकलेवरून भरावयाचें. आणि शेवटीं चौकटीमागून चौकट डाग पुसावयाचे, पण पुसतां पुसतां मूळची रेघ पुसूं द्यावयाची नाहीं. भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिचें काम कांहीं आठवडे जवळून पाहण्याचा योग ज्यांस आला असेल त्यांस या दोहोंतील शिस्त एकच आहे हें सांगावें लागणार नाहीं. अंतर आहे तें द्रव्याचें. ताडपत्र व हातकागद शतकानुशतकें टिकतात. त्या काळच्या नायट्रेटच्या फिती आपल्या आपणच विघटन पावतात, आणि पेटल्या तर विझत नाहींत. पुण्यास २००३ च्या जानेवारींत अशा फितींच्या भांडारास आग लागून किती मूळ प्रती भस्म झाल्या हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्याकडे मूकपट हजारावर निघाले; आज त्यांतले पुरे-अपुरे मिळून मूठभर उरले आहेत. खुद्द फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’चीं (१९१३) सगळीं रिळें उरलीं नाहींत, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५), ज्यांत शेतकरी व सावकार समोरासमोर उभे केले होते, तो तर समूळ नाहींसा झाला. अशा स्थितींत एखादी संपूर्ण पोथी हातीं येणें ही लहान गोष्ट नव्हे.

आतां कथा. वाळवंटांत एका तांड्यावर दरोडा पडतो. त्यांतून वांचलेली एक तान्ही मुलगी एका कुंभाराच्या हातीं लागते. तो तिला घरीं आणून आपल्या मुलाबरोबर वाढवितो. मुलगा शिराझ, मुलगी सलीमा. शिराझचें तिच्यावर प्रेम बसतें. तिला मात्र तो भाऊच वाटतो. पुढें गुलामांचे व्यापारी सलीमेस पळवून नेतात, बाजारांत तिचा लिलाव होतो, आणि ती शहाजादा खुर्रमच्या अंतःपुरांत येऊन पडते. शिराझ मागोमाग त्या नगरांत येऊन राहतो. शहाजाद्याचें मन सलीमेवर जडतें. दालिया ही थोर घराण्यांतली स्त्री स्वतः सम्राज्ञी होऊं पाहत असते. तिच्या कारस्थानानें सलीमा शिराझबरोबर असतांना पकडली जाते व शिराझला हत्तीच्या पायाखालीं देण्याची शिक्षा होते. इतक्यांत सलीमेच्या लहानपणच्या एका पदकावरून ती राजकुळांतली असल्याचें सिद्ध होतें. शिराझ सुटतो, दालिया हद्दपार होते, सलीमा मुमताझ महल होते. वर्षें जातात, सम्राज्ञी मरण पावते, आणि तिच्या कबरीसाठीं बादशहा जो आराखडा निवडतो तो वृद्ध व आंधळ्या झालेल्या शिराझचा असतो.

इतिहासाच्या कसोटीवर यांतलें जवळजवळ कांहींच उभें राहत नाहीं. मुमताझ महल म्हणजे अर्जुमंद बानू ही असफखानाची मुलगी, इतिमादुद्दौल्याची नात व नूरजहानची भाची. तिची खुर्रमशीं सोयरीक १६०७ सालीं ठरली व निकाह १६१२ सालीं झाला. दोन्ही घराणीं दरबाराच्या शिखरावर होतीं. या विवाहांत उच्चनीचतेचा प्रश्नच नव्हता. ती मरण पावली ती १६३१ च्या जून महिन्यांत, चौदाव्या बाळंतपणांत, आणि तेंहि आग्र्यास नव्हे तर तापीकाठीं बऱ्हाणपुरास. तापीपलीकडील झैनाबादच्या बागेंत तिला प्रथम पुरलें, व त्याच वर्षाच्या अखेरीस तिचें शव आग्र्याकडे नेलें. खानदेशांतल्या आमच्या वाचकांस ती जागा पाहिलेली असेल. ताजची पहिली वीट तेथेंच दुःखांत रचली गेली असें आम्ही समजतों.

मग तांडा, दरोडा व अनाथ मूल हें आलें कोठून ? हें आलें आहे मावशीकडून नव्हे तर आत्याकडून. नूरजहानचे आईबाप इराण सोडून हिंदुस्थानाकडे येत असतां कंदाहारजवळ तिचा जन्म झाला. दारिद्र्यामुळें त्यांनीं मूल वाटेवर टाकलें आणि तांड्याच्या नायकानें तें उचलून आणलें, अशी गोष्ट मागाहूनच्या लेखकांनीं रचली आहे. पाल यांनीं आत्याची दंतकथा भाचीच्या गळ्यांत घातली. दंतकथा अशाच फिरतात. आपल्याकडे एका संताचा चमत्कार दुसऱ्याच्या चरित्रांत गेलेला आपण किती वेळां पाहिला आहे. तेव्हां येथवरचें टिपण चुकांचें असलें तरी, बारकाईनें पाहतां तें कवीच्या हातखंड्याचें टिपण ठरतें. त्यानें इतिहासांत नसलेलें एक अंतर मुद्दाम निर्माण केलें, राजपुत्र व कुंभाराघरची मुलगी यांतलें. आणि मग पदक काढून तें स्वतःच मिटवून टाकलें. असें कां केलें, हा खरा प्रश्न.

ज्यानें आयुष्यभर मुलांस संस्कृत नाटकें शिकविलीं त्याला हें पदक पाहतांच ओळख पटते. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’त सिंहलद्वीपाची राजकन्या नौका फुटून वांचते, सागरिका या नांवानें उदयन राजाच्या राणीजवळ दासी म्हणून राहते, राजाचें मन तिच्यावर बसतें, राणी संतापते, आणि शेवटीं गळ्यांतील रत्नमालेवरून ती राणीच्याच मामाची मुलगी निघते. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’शीं साम्य तर याहून जवळचें आहे. मालविका ही विदर्भाच्या राजकुळांतली; तिला घेऊन विदिशेकडे निघालेल्या तांड्यावर वाटेंत अरण्यांतले दरोडेखोर तुटून पडतात, रक्षण करणारा अमात्य मारला जातो, आणि ही मुलगी हातोहात जात अग्निमित्राच्या पट्टराणीची दासी होते. राजा तिच्यावर मोहित होतो. दोन राण्या आडव्या येतात. पांचव्या अंकांत विदर्भाहून आलेल्या दोन मुली तिला ओळखतात, आणि ओळख पटतांच सगळे विरोध गळून पडतात. शाकुंतलांतहि दुष्यंत प्रथम हाच विचार करतो कीं, ही आश्रमकन्या क्षत्रियास वरण्याजोगी आहे कीं नाहीं. ती विश्वामित्राची कन्या निघाल्यावरच त्याचें मन निश्चिंत होतें. दोन हजार वर्षें आमच्या रंगभूमीनें राजाला दासीवर प्रेम करूं दिलें तें याच अटीवर कीं, दासी मुळांत दासी नसावी. १९२८ च्या या चित्रपटानें ती अट जशीच्या तशी पाळली आहे. म्हणून ‘उच्चनीचतेचें बंधन तोडणारें प्रेम’ अशी या कथेची जी स्तुति केली जाते, ती शहाजाद्यापुरती तरी आम्हांस मान्य नाहीं. खुर्रम बंधन तोडीत नाहीं. बंधन नव्हतेंच असें पदक त्याला सांगतें.

या परंपरेस अपवाद एकच, आणि तो एवढा मोठा आहे कीं त्याचा उल्लेख टाळतां येत नाहीं. ‘मृच्छकटिकां’त वसंतसेना गणिका आहे व शेवटपर्यंत गणिकाच आहे. ती कोणाची हरवलेली राजकन्या निघत नाहीं; तिच्या अलंकारांवरून ओळख पटावयाची ती फक्त चोरीची. चारुदत्त वधस्थानीं उभा आहे, शिराझ हत्तीपुढें पडला आहे. दोघेहि अखेरच्या क्षणीं सुटतात. परंतु वसंतसेनेस ‘वधू’ ही पदवी मिळते ती कुळाच्या खुणेनें नव्हे. त्यासाठीं जुना राजा मारला जावा लागतो आणि गुराख्याचा पोर राज्यावर यावा लागतो. शूद्रकाला ठाऊक होतें कीं गळ्यांतलें पदक बदलून भागत नाहीं, सिंहासन बदलावें लागतें. योगायोग असा कीं, ‘शिराझ’मध्यें जिनें पदकानें सम्राज्ञी झालेली सलीमा रंगविली, त्याच एनाक्षी रामा राव यांनीं पुढें थोड्याच वर्षांत मोहन भवनानी यांच्या मूकपटांत वसंतसेनेची भूमिका केली.

मग ‘शिराझ’मध्यें दुसऱ्या वेळीं आम्हांस थांबविणारें काय होतें ? तें म्हणजे कुंभार. या चित्रपटांत वर्गाचें अंतर ओलांडून प्रेम करणारा एकच मनुष्य आहे आणि तो शहाजादा नव्हे. आरंभीं शिराझ व सलीमा एकाच अंगणांत, एकाच चिखलांत वाढतात. त्यांच्यांत अंतर नाहीं. अंतर पडतें तें बाजारांत व महालांत. आणि ज्या पदकानें शहाजाद्याचें काम सोपें होतें, त्याच पदकानें शिराझची वाट कायमची बंद होते. एका वस्तूनें एकाच क्षणीं त्याचा जीव वांचविला आणि त्याचें जीवित संपविलें. हें चित्रपटांत कोणी बोलून दाखवीत नाहीं. मूकपटांतल्या इंग्रजी पाट्या तर बोलूं नये तेंच बोलत असतात. परंतु एकदां हें ध्यानांत आलें म्हणजे पुढचा सगळा भाग निराळा दिसूं लागतो. महालाच्या भिंतीबाहेर म्हातारा होत जाणारा हा मनुष्य कांहीं मागत नाहीं. त्याला तक्रार नाहीं, बंड नाहीं. आम्हांस तर त्याचा हा निमूटपणा क्वचित् चीड आणतो. आणि शेवटीं त्याच्या हातून जें घडतें तें त्या स्त्रीच्या नवऱ्याच्या नांवानें जगभर ओळखलें जातें.

ताज कोणी बांधला या विषयावर आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं आयुष्याचे कांहीं महिने घालविले असतील, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतों. दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी पन्नास लक्ष रुपये खर्च सांगतो, देखरेख करणाऱ्या मकरमतखान व मीर अब्दुल करीम या दोघांचीं नांवें सांगतो, दगडांच्या जाती सांगतो. परंतु रचनाकाराचें नांव सांगत नाहीं. तें रिकामें घर भरण्यास पुढें कितीजण आले. मान्रीक या पाद्र्यानें व्हेनिसच्या जेरोनिमो व्हेरोनिओचें नांव पुढें केलें. एकोणिसाव्या शतकांतल्या फारसी याद्यांनीं कोणा उस्ताद ईसाला कारागिरांच्या शिरोभागीं बसविलें, वर मासिक वेतनाचे आंकडेहि दिले. अशा याद्या साहेबलोकांच्या कुतूहलासाठीं तयार होत, आणि वेतनाचा आंकडा दिसला कीं आपण विश्वास ठेवतों हें त्या लिहिणारांस ठाऊक असे. उस्ताद अहमद लाहोरी हें आज मान्य झालेलें नांव मिळालें तें एका हस्तलिखितांतून. अहमदचा मुलगा लुत्फुल्ला, कवि व स्वतः स्थापत्यज्ञ, यानें आपल्या फारसी काव्यसंग्रहांत बापाच्या कामाचा अभिमानानें निर्देश केला आहे. आणि त्या संग्रहाकडे विद्वानांचें लक्ष वळलें तें १९३० नंतरच्या दशकांत, म्हणजे हा चित्रपट निघून गेल्यावर. निरंजन पाल नाटक लिहीत होते तेव्हां तें घर खरोखरच रिकामें होतें. त्यांनीं त्यांत कुंभार बसविला.

यांत आणखी एक गोष्ट आहे. खुद्द इमारतीवर सही एकाच मनुष्याची आहे, आणि ती रचनाकाराची नव्हे, अक्षरें कोरण्यासाठीं लिहून देणाऱ्या सुलेखनकाराची. अमानतखान हा तो मनुष्य; सही करतांना तो आपल्यास शिराझी म्हणवितो, आणि त्याची एक सही हिजरी १०४८ म्हणजे इसवी सन १६३८–३९ ची आहे. नामसादृश्यावरून अनुमान काढणें हा संशोधनांतला जुना रोग आहे, तेव्हां कुंभार शिराझ व लेखक शिराझी यांचा संबंध आम्ही जोडीत नाहीं. तरी ज्या दगडांवर एकाच शिराझ्याचें नांव आहे, त्यांच्या भोवतीं एका काल्पनिक शिराझची कथा उभी राहावी हें मौजेचें खरें. बाकीच्यांनीं काय ठेवलें ? पाथरवटांनीं फरशांवर आपापल्या खुणा कोरून ठेवल्या : तारे, मासे, स्वस्तिक. मजुरी मोजून घेतांना उपयोगी पडतील एवढ्यापुरत्या. नांव लिहिण्याचा अधिकार ज्यांस नव्हता त्यांच्या त्या सह्या.

दंतकथेंत बादशहा कारागिराचे हात तोडतो किंवा डोळे काढतो, दुसरा ताज होऊं नये म्हणून. प्रत्येक मोठ्या इमारतीभोवतीं ही गोष्ट सांगितली जाते आणि तिला आधार कोठेंच नसतो. चित्रपटाचा कुंभार स्वतःच आंधळा झालेला आहे. ही योजना आम्हांस उत्तम वाटली. जो चाकावर वाढला त्याला डोळ्यांची गरज शेवटीं थोडी. मडक्याचा गळा व घुमटाचा गळा बोटांस सारखेच कळतात. आणि ज्याला आयुष्यभर भिंतीपलीकडे पाहूं दिलें नाहीं, त्याच्या दृष्टीचें प्रयोजन तरी काय उरलें होतें ?

येथें स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका नदीकांठच्या खेड्यांत जुना वाडा पाडावयाचा होता, म्हणून मालकांनीं आम्हांस दोन रुमाल दाखविले. एकांत सनदा व इनामपत्रें होतीं, शिक्क्यांसकट. दुसऱ्यांत त्याच वाड्याच्या बांधकामाचा मोडी हिशेब होता : गवंडी, पाथरवट, सुतार, बेलदार, कुंभार यांचीं नांवें, त्यांचा रोजमुरा, विटा किती, चुना किती, चुन्यांत घालावयाचा गूळ किती. आम्हीं शिक्के पाहिले आणि पहिला रुमाल उचलला. दुसऱ्यावर शिक्का नव्हता. “हें रोजचें किरकोळ आहे, याचा कांहीं उपयोग नाहीं,” असें आम्हीं आमच्याच तोंडानें मालकांस सांगितलें. दुसऱ्या वर्षीं गेलों तेव्हां तो रुमाल वाण्याच्या दुकानांत पुड्या बांधण्यास गेल्याचें कळलें. पहिल्या रुमालांतल्या सनदांच्या नकला सरकारी दप्तरांत होत्याच. नवें असें त्यांत कांहीं निघालें नाहीं. हिशेबाच्या पहिल्या पानावर विटा पुरविणाऱ्या कुंभाराचें नांव आम्हीं उभ्या उभ्या वाचलें होतें. आज तें आठवत नाहीं.

चित्रपटाचे दोष झांकण्याचा आमचा हेतु नाहीं. हिमांशु राय यांचा अभिनय बहुधा आकाशाकडे पाहण्यांत संपतो. ज्या मनुष्याच्या हातांवर सगळी कथा तोलली आहे, त्याच्या हातांकडे कॅमेरा पुरेसा जात नाहीं, ही आमची मोठी तक्रार. चारु रॉय देखणे आहेत व तेवढेंच आहेत. दालियेचें पात्र कवीनें दुष्टपणाच्या एकाच रंगांत काढलें, परंतु सीता देवी (मूळ नांव रेनी स्मिथ) यांनीं त्यांत एवढा जीव ओतला आहे कीं, पडद्यावर त्या असतांना दृष्टि दुसरीकडे जात नाहीं. ही बाई चालून येते तेव्हां महत्त्वाकांक्षा चालून येते. प्रणयाचे प्रसंग आमच्यासारख्या शिक्षकास थोडे अवघड वाटावे इतके मोकळे आहेत. पुढच्या कित्येक दशकांतल्या चित्रपटांनीं दोन फुलें एकमेकांस टेकवून जें सुचविलें, तें येथें चुंबनानें स्पष्ट दाखविलें आहे, आणि तेंहि ओंगळ न होतां. विलायती प्रेक्षकांस रुचेल असा पूर्वेचा थाट, म्हणजे उंट, वाळू, जनानखाना, गुलामांचा बाजार, हवा त्याहून अधिक आहे. परंतु नट सारे येथलेच, महाल पुठ्ठ्याचे नव्हेत, ऊन खरें आहे. आणि पडद्यामागें उभे असलेले शेकडों लोक त्या काळच्या चालीनें पागोटें बांधतात, त्या काळच्या रीतीनें बसतात. पोशाख व चालीरीती यांच्या अभ्यासकांस हें एक अकल्पित साधन आहे, मोगलांच्या काळाचें नव्हे, तर १९२८ च्या उत्तर हिंदुस्थानचें. जीर्णोद्धृत प्रतीस अनुष्का शंकर यांनीं नवें संगीत दिलें आहे. तें ऐकण्यासारखें आहे; मात्र तें भाष्य आहे, संहिता नव्हे, हें वाचकानें मनांत ठेवावें. आम्हीं एकदां आवाज बंद करूनहि चित्रपट पाहिला, आणि हत्तीचा प्रसंग त्या शांततेंत अधिक भयंकर वाटला.

या कृतीचा उत्तरभाग मुंबईंत लिहिला गेला, असें आमचें मत आहे. हिमांशु राय यांनीं १९३४ सालीं मालाडास बाँबे टॉकीज ही संस्था काढली. तेथें १९३६ सालीं ‘अछूत कन्या’ निघाला : कथा त्याच निरंजन पालांची, दिग्दर्शन त्याच ऑस्टेनचें. रेल्वेच्या फाटकावरील अस्पृश्य पहारेकऱ्याची मुलगी कस्तुरी व ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप हीं बालपणापासून एकत्र वाढलेलीं. त्यांचें लग्न होऊं शकत नाहीं, दोघांचीं लग्नें आपापल्या जातींत होतात, आणि शेवटीं त्याच फाटकावर आगगाडी थांबविण्याच्या धडपडींत कस्तुरी प्राणास मुकते. देविका राणी व अशोक कुमार यांच्या या चित्रपटाची कीर्ति मोठी आहे, त्याची समीक्षाहि पुष्कळ झाली आहे; परंतु तो ‘शिराझ’च्या शेजारीं ठेवून कोणी वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. ठेवून पाहावा. तेंच एकत्र बालपण, तेंच पडणारें अंतर, शेवटीं तेंच मृत स्त्रीचें स्मारक. फरक इतकाच कीं, आठ वर्षांनीं त्याच लेखकास पदक सुचलें नाहीं. कस्तुरी कोणाची हरवलेली मुलगी निघत नाहीं. ती दुखियाचीच मुलगी राहते व तशीच मरते. ‘शिराझ’च्या अखेरीस संगमरवराचा घुमट आहे, ‘अछूत कन्ये’च्या आरंभीं रेल्वेच्या फाटकाजवळ एक लहानसें दगडी देऊळ आहे, आणि रात्रीं मोटार अडकून पडलेला एक प्रवासी विचारतो कीं, हें कोणाचें. पाल यांनीं पहिल्या कथेंत स्मारक कोणी बांधलें हें विचारलें होतें. दुसरींत तें कोणासाठीं बांधावें हें विचारलें. या दोहोंमधला प्रवास ज्याला पाहावयाचा असेल त्याला ‘शिराझ’ वगळून चालणार नाहीं.

मूकपटांच्या काळीं पुणें, मुंबई, कोल्हापूर, नाशिक येथील चित्रपटगृहें खेळांचीं मराठी हस्तपत्रकें वाटीत, आणि त्यांत कथेचा सारांश व पात्रांचीं नांवें छापीत. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांत, ट्रंकांच्या तळाशीं अशीं पत्रकें अद्याप मिळतात. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं ‘शिराझ’चें किंवा अन्य कोणत्याहि मूकपटाचें पत्रक असल्यास त्यांनीं त्याची छायाप्रत मंडळाकडे धाडावी. त्याचप्रमाणें वाडे, घाट, देवळें व विहिरी यांच्या बांधकामाचे मोडी हिशेब ज्यांच्या घरीं असतील, मग त्यांवर शिक्का असो वा नसो, त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं आम्हांस एक कार्ड टाकावें. घेऊन जाण्यास आम्ही स्वतः येऊं.